पालथी पानं

चवथीच्या रात्री आरत्या संपल्या, घुमटं खुंटीला लागली, की आमच्या घरात पत्ते निघतात. गोव्यातल्या सावईवेऱ्याचं हे घर माझं सासर. चार बिऱ्हाडांचा मिळून एक गणपती, पाच दिवसांचा. एरवी पणजी, मडगाव, पुणे, दुबई असं पांगलेलं गोत त्या पाच दिवसांत राजांगणाच्या कडेने अंथरुणं घालतं आणि त्यांवर झोपत मात्र कुणी नाही. वसरीवर पुरुषांची तीन पानी, आत बायकांची रमी, पोरांचा झब्बू नाहीतर गुलामचोर. पातोळ्यांच्या हळदपानांचा वास अजून घरात असतो आणि पत्त्यांना नेवऱ्यांचे हात लागलेले असतात. नवा कॅट आणायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी चौकटची नव्वी हरवलेला जुनाच कॅट बाहेर येतो.

२०२५ची चवथ २७ ऑगस्टला होती. त्याआधी पाच दिवस, २२ तारखेला, पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि माझ्या पुतण्याच्या फोनमधला पोकर गप्प झाला. म्हणून तो पत्ते घेऊन माझ्यापाशी येऊन बसला, असं मी म्हणते. तो म्हणतो, काकी, तूच विचारलंस. असेल. रमीत तीन डाव ओळीने हरले होते आणि जागा बदलायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

हा पुतण्या माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कसिनोच्या जहाजांपैकी एकावर डीलर आहे, म्हणजे पत्ते वाटतो. जन्म १९९६चा. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६चा. त्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांपुरती खिडकी उघडली आणि १९९६ साली जहाजांवरच्या टेबलांसाठी दार. म्हणजे पोरगा आणि त्याची नोकरी एकाच वर्षी जन्माला आली. पुढे १ फेब्रुवारी २०२०पासून गोंयकारांना कसिनोत खेळायला बंदी झाली. आता पुतण्या रोज रात्री त्या टेबलापाशी बसतो, हजारो पानं वाटतो, पण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसणं त्याला मना. मला बंदी पटते. सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला जुगाराचं काय कौतुक असणार? पण मला जहाजावरचं ते टेबल एकदा बघायचं होतं, हे खरं. जुन्या सचिवालयासमोरून जाताना पाण्यावरचे दिवे दिसतात, तेवढंच माझं कसिनोदर्शन. आमच्या माईंना, म्हणजे सासूबाईंना, त्याचंही कौतुक नाही. 'बोट म्हणतात,' त्या म्हणतात, 'आणि जात तर कुठेच नाही.'

"पोकर तीन पानीसारखाच ना?" मी विचारलं.

"तीन पानीत तुझी पानं तुझी. इथे दोन तुझी, पाच सगळ्यांची."

त्याने प्रत्येकाला दोन पानं पालथी वाटली. ती बघायची, पुन्हा पालथी ठेवायची. मग बोली. मग मध्ये तीन पानं उघडी, त्याला फ्लॉप म्हणतात, पुन्हा बोली. चौथं पान, टर्न, बोली. पाचवं पान, रिव्हर, शेवटची बोली. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून सगळ्यांत चांगली पाच जुळवायची. या प्रकाराला टेक्सस होल्डेम म्हणतात. मधली पानं उघडण्याआधी दर वेळी तो वरचं एक पान न बघता बाजूला सारायचा. मला ते अन्नासारखं वाया गेलेलं वाटलं. "वरच्या पानावर कुणी नखाने खूण केली असेल तर?" तो म्हणाला. मग टेबल सोडून उठताना त्याने सवयीने दोन्ही तळवे वर करून दाखवले, कॅमेऱ्याला दाखवतात तसे. वर बघितलं तर टांगलेली फळांची माटोळी. नारळ, सुपारीचे घड, तोरिंगं. आम्ही सगळे हसलो, तो जरा ओशाळला.

पहिलं भांडण पानांच्या मानावरून झालं. पोकरमध्ये रंग रनच्या वर लागतो. एकाच जातीची पाच पानं असली तर ती ओळीने लागलेल्या पाचांना मारतात. दीर वसरीवरून उठून आले. "खुळा की काय? रन मोठा, रंग लहान. बाबांपासून असंच आहे." दोघेही आपल्या जागी बरोबर होते, पण ते मला कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडल्यावर कळलं. बावन्न पानांतून तीन पानं उचलायचे २२,१०० प्रकार. त्यांत साधे रन ७२०, रंग १,०९६. रन दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पानं उचलायचे प्रकार २५,९८,९६०. त्यांत साधे रन १०,२००, आणि रंग फक्त ५,१०८. पानं वाढली आणि मान फिरला. हे मांडताना आणखी एक चोरी सापडली. आपल्या तीन पानीत ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं, सगळ्यांत वर मानतात, तिचे प्रकार ५२. आणि तिच्या खाली लागणारा पक्का रन, म्हणजे एकाच जातीचा रन, ४८ प्रकारांनीच होतो. म्हणजे तीन एक्के घेऊन मिशीला पीळ देणाऱ्यांपेक्षा पक्क्या रनवाला खरं तर अधिक नशीबवान. दिरांना हे दाखवलं. "कागदावर काहीही होतं," म्हणाले आणि वसरीवर परत गेले.

पैशांना घरात बंदी, म्हणून चिंचोके आले. दहा चिंचोक्यांना एक सुपारी, दहा सुपाऱ्यांना एक जायफळ. कुळागरवाल्या, म्हणजे सुपारीची बाग असलेल्या, घरात नाण्यांची टंचाई नसते. प्रत्येकाला तीस चिंचोके आणि सात सुपाऱ्या. धाकट्या जावेने लगेच सुपाऱ्या निवडून चांगल्या आपल्याकडे घेतल्या. भाव एकच असला तरी.

मला सगळ्यांत आवडलं ते जागेचं शास्त्र. पानं वाटणाऱ्याच्या जागेला बटन म्हणतात आणि ते दर डावाला डावीकडे एक घर सरकतं. बटनाच्या डावीकडचे दोघे पानं बघण्याआधीच ठरलेले चिंचोके मध्ये टाकतात. छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड. फ्लॉपनंतर बोली डावीकडून सुरू होते आणि बटनवाला सगळ्यांच्या शेवटी बोलतो. पहिल्याला बिचाऱ्याला अंधारात बोलायचं असतं. मागे पाच-सहा जण बसलेत, कुणाकडे काय आहे, कोण वाढवणार, काही ठाऊक नाही. म्हणून पहिल्या जागेवरून फक्त दांडगी पानं खेळायची: मोठ्या जोड्या, एक्का-राजा. शेवटच्या जागेवरून मध्यम पानंही चालतात, कारण तोवर सगळ्यांनी तोंड उघडलेलं असतं आणि ते ऐकायला आपल्याला छदाम लागलेला नसतो.

माई दाराशी पाटावर बसून कापसाच्या वाती वळत होत्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत, कान मात्र तिशीतले. "म्हणजे सुनेची जागा," त्या म्हणाल्या.

कुणाला आधी कळलं नाही. मग मला आणि जावेला एकदम कळलं. या घरात माई सगळ्यांच्या शेवटी जेवल्या, सगळ्यांच्या शेवटी निजल्या आणि कुठल्याही गोष्टीवर सगळ्यांच्या शेवटी बोलल्या. वाटण्यांच्या वेळीही. तेव्हा चारही भावांचं सगळं बोलून झाल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या आणि विहीर सामाईक राहिली. त्या नाइलाजाने बसल्या होत्या की ती जागा त्यांनी पकडून ठेवली होती, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही.

आता खेळाची खरी गोम. पोकरमध्ये आपण घराविरुद्ध, म्हणजे कसिनोविरुद्ध, खेळत नाही. रूलेच्या चाकाला, एकच शून्य असलेल्या, ३७ खाचा असतात. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर लावलेले परत आणि वर ३५ पट, म्हणजे एकूण ३६ पट मिळतात. सदतिसावा पट कुठे गेला, ते जहाजाला विचारा. बाकीच्या टेबलांवर थोड्याफार फरकाने हेच. पोकरमध्ये मात्र समोरच्या माणसांचे पैसे जिंकायचे असतात. घर प्रत्येक डावातून आपला थोडा वाटा कापून घेतं, त्याला रेक म्हणतात. "म्हणजे सगळे सारखेच हुशार बसले तर?" मी विचारलं. "तर सगळेच हळूहळू हरतात," पुतण्या म्हणाला. मला हे वाक्य फार आवडलं. आमच्या बँकेच्या वार्षिक सभेत कुणी इतकं स्वच्छ बोललं नाही.

म्हणून हिशेब लागतो. तो अवघड नाही, भाजीवालीला येईल इतका आहे. समजा हातात बदामाची दोन पानं आहेत, मध्ये चार पानं उघडी झालीत आणि त्यांत बदामाची दोन आहेत. आणखी एक बदाम आलं की रंग. बदामाची तेरांपैकी चार दिसली, नऊ कुठेतरी आहेत. न दिसलेली पानं ४६. छेचाळिसात नऊ, म्हणजे शंभरात जेमतेम वीस. आता मध्ये साठ चिंचोके पडलेत आणि समोरच्याने वीस टाकले. मला वीस घालून ऐंशी मिळवायचे आहेत. वीस घातल्यावर ढीग शंभराचा. शंभरातले वीस माझे, आणि संधीही शंभरात वीस. काठावरचा सौदा. त्याने वीसऐवजी साठ टाकले असते तर हातातल्या बदामांकडे पाठ फिरवायची. पुतण्याने याची एक सोपी युक्तीही सांगितली: कामाची पानं मोजायची, एकच पान यायचं असेल तर दुप्पट, दोन यायची असतील तर चौपट करायची, साधारण तेवढे टक्के. नवाचे अठरा, नवाचे छत्तीस. कागदावर आले ते साडेएकोणीस आणि पस्तीस. रात्री दीड वाजता एवढं पुष्कळ झालं.

सुरुवातीच्या दोन पानांचे १,३२६ प्रकार. दोन एक्के यायची वेळ २२१ डावांतून एकदा. कुठलीही जोडी सतरा डावांतून एकदा. म्हणजे बहुतेक वेळा हातात चिंध्याच असतात. तरीही पहिल्या रात्री मी जवळजवळ प्रत्येक डाव खेळले. सत्ती-दुर्री वेगवेगळ्या जातींची, म्हणजे या खेळातली सगळ्यांत दळभद्री जोडगोळी, तीही. का? आली आहेत तर बघू या म्हणून. एकदा एक्का-राजा आले. छाती फुगली. मध्ये छक्की, अठ्ठी, गुलाम. एक्का-राजाला फ्लॉपवर जोडी लागते ती तीनातून एकदा, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी घालत गेले. टर्नवर घातले, रिव्हरवर घातले. समोर जावेकडे अठ्ठ्यांची जोडी निघाली, नीट निवडलेल्या सुपाऱ्यांच्या मागे लपलेली.

"सोडलं का नाहीस?" पुतण्याने विचारलं.

"इतके घातले होते."

बोलले आणि जीभ चावली. बुडीत कर्ज बुडालेलं दिसू नये म्हणून त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं, हप्ता त्यातूनच भरून घ्यायचा, असे कागद मी एकतीस वर्षं लाल पेनाने परत पाठवले. आणि इथे चिंचोक्यांवर तेच करून बसले होते. मध्ये पडलेले चिंचोके माझे नव्हतेच; ते ढिगाचे झाले होते. पुढचे घालायचे की नाही एवढंच उरलं होतं.

थापेबद्दल मात्र मला शिकवायला लागलं नाही. सिनेमात दाखवतात तशी थाप, डोळ्यांत डोळे घालून सगळे पैसे पुढे ढकलणं, ती कच्च्या माणसांची. चांगली थाप पहिल्या बोलीपासून सुरू होते. रंग लागलाय असं रिव्हरला भासवायचं असेल, तर फ्लॉपला आपण रंगाची वाट बघणाऱ्यासारखं वागलेलं हवं. कर्ज मागायला येणाऱ्यांचंही तसंच. खोटं बोलणाऱ्याचे हात थरथरत नाहीत. त्याची कालची गोष्ट आजच्या गोष्टीशी जुळत नाही. दुसऱ्या रात्री मी एका डावात हातात काहीही नसताना दिरांच्या थोरल्या जावयाला राण्यांची जोडी टाकायला लावली. मग सुचलं, याला मी खरं म्हणजे काय दाखवलं? काहीच नाही. त्याने बघायचे पैसे दिले नाहीत, म्हणून त्याला दिसलं नाही.

बघायचे पैसे. या खेळात सगळं त्याच्याभोवती आहे. कॉल करायचा म्हणजे बघण्याची किंमत मोजायची. पुतण्याच्या सगळ्या गोष्टींतही तेच. त्याची आवडती गोष्ट ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन हिशेबनिसाची. आडनाव खरंच तेच. २००३ साली त्याने ८६ डॉलर भरून एक ऑनलाइन स्पर्धा खेळली, तिच्यातून लास व्हेगासच्या मोठ्या स्पर्धेत गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन घरी आला. जगभरची पोरं त्यानंतर पोकर शिकली म्हणतात. मी विचारलं, "८६ डॉलर भरून परत गेलेल्यांची नावं काय?" पुतण्या हसला. रोज रात्री त्यांचे चेहरे तो जवळून बघतो. त्यांच्याबद्दल मात्र घरी काही सांगत नाही.

माझे सासरे मी पाहिले ते शांत, उतारवयातले. पण त्यांच्या तरुणपणीच्या तीन पानीची ख्याती मी लग्न होऊन आल्यावर ऐकली. ते ब्लाइंड खेळायचे. पानं न बघता चाल वाढवत न्यायची आणि समोरच्याला घाम फोडायचा. तीन पानीत ब्लाइंडला मान आहे, कारण बघून खेळणाऱ्याला दुप्पट घालावे लागतात. पोकरमधला ब्लाइंड म्हणजे नुसता टोल, त्यात कसली मर्दुमकी नाही. एका चवथीला ते असे ब्लाइंड खेळत गेले आणि त्या वर्षीची सुपारी झाडावर असतानाच विकली गेली. त्यानंतर त्यांनी पत्त्यांना हात लावला नाही, माईंनीही नाही. लहानपणी सावंतवाडीकडच्या आजोळी गंजिफा खेळलेली बाई. गोल, लाखेची, दहा अवतारांची १२० पानं; दिवसा रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा असेल त्याने. ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "माई, किती गेले होते हो त्या वर्षी?" मी एकदा धीर करून विचारलं होतं. तांदूळ निवडत होत्या. "विसरले," म्हणाल्या.

चौथ्या रात्री त्यांनी वातींची परडी बाजूला ठेवली. "मला वाट," पुतण्याला म्हणाल्या.

कुणी काही बोललं नाही. जावेने आपल्या सुपाऱ्या थोड्या मागे ओढल्या. माईंनी सुपाऱ्या घेतल्याच नाहीत, तीस चिंचोके ओच्यात घेतले आणि एवढंच विचारलं, "टाकून दिलं तर काही पडतं?"

"काही नाही. ब्लाइंड असेल तर तेवढा जातो."

मग दीड तास माई पानं टाकत बसल्या. चष्मा वर करून दोन पानं बघायची, पुन्हा पालथी करायची, पुढे सारायची. पोरं कंटाळली, एकदोघं तिथेच आडवी झाली. कधीमधी एखादा छोटा डाव त्या खेळल्या, दोन जिंकल्या, आवाज न करता. आणि दर डावाला त्या पानांकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यामुळे माझे चिंचोके आटले.

शेवटी एक डाव मोठा झाला. मी आधीच सोडलं होतं. माई आणि पुतण्या उरले. मध्ये इस्पिकची दश्शी, बदामची राणी, किलवरची चव्वी, इस्पिकची राणी. फ्लॉपला पुतण्याने टाकले, माईंनी तेवढे टाकले. टर्नला टाकले, माईंनी तेवढे टाकले. रिव्हरला चौकटची सत्ती आली आणि पुतण्याने एक अख्खं जायफळ पुढे सरकवलं. माईंकडचे सगळे चिंचोके मिळून त्याच्या निम्मेही नव्हते. उरलेले सगळे घालून बघता आलं असतं, तसा नियमच आहे. पुतण्याने तो सांगितलाही.

माईंनी पानं पुन्हा एकदा बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. तो सहा महिन्यांचा असल्यापासून त्यांनी त्याला दुपारी निजवलेलं आहे. त्या किंचित हसल्या, म्हणजे मला तसं वाटलं, आणि दोन्ही पानं पालथी पुढे सारली. "गेले," म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी हात पुढे केला.

"काकी, हात." पुतण्याचा आवाज एकदम जहाजावरचा झाला. "टाकलेली पानं बघायची नसतात. बघायचं तर पैसे घालायचे."

"अरे, घरातच तर आहोत."

"मग तर नाहीच."

माईंनी ओच्यातले चिंचोके मोजले. तीस घेतले होते, एकतीस निघाले. जास्तीचा एक त्यांनी डब्यात टाकला आणि जमिनीला हात टेकून उठल्या.

"माई, काय होतं हो हातात?"

"विसरले," त्या म्हणाल्या. "निजा आता. उद्या उत्तरपूजा आहे."

तोवर पुतण्याने ती दोन पानं कॅटात मिसळून पिसायला घेतली होती.